काउंटरवरची घडी घातलेली नोट

लास व्हेगसच्या मोठ्या हॉटेलांत खोली ताब्यात घेताना काउंटरवरच्या कारकुनाला वीस डॉलरची नोट देऊन वरच्या दर्जाची खोली मिळवण्याचा रिवाज इतका रुळला, की त्याला ‘वीस डॉलरची युक्ती’ असे नावच पडले. त्याची रीत ठरलेली आहे. रांगेतून पुढे आलेला पाहुणा क्रेडिट कार्ड आणि ओळखपत्र यांच्या मधोमध घडी घातलेली नोट ठेवतो. नोटेची हिरवट कड जेमतेम बाहेर डोकावत असते. तिन्ही वस्तू एकत्र धरून तो काउंटरवर पुढे सरकवतो; या चळतीला तिकडे ‘सँडविच’ म्हणतात. सरकवतानाच तो विचारतो, की आज एखादी मोफत अपग्रेड मिळण्यासारखी आहे का. कारकून चळत उचलतो, पडद्याकडे बघत थोडा वेळ कळफलक वाजवतो, आणि मग कारंज्याच्या बाजूची किंवा कोपऱ्यावरची मोठी खोली देतो. नाहीतर आज हॉटेल भरले असल्याचे सांगून कार्डाबरोबर बहुधा नोटही परत करतो. नोटेबद्दल दोघांपैकी कोणीही चकार शब्द काढत नाही.

टिपच्या इतर प्रकारांपासून हा रिवाज दोन बाबतींत वेगळा पडतो. वेटर, सामान वाहणारा बेलबॉय, गाडी लावून देणारा माणूस यांना टिप मिळते ती काम झाल्यावर, आणि त्यांच्या स्वतःच्या श्रमाबद्दल. काउंटरवरची नोट काम होण्याआधी दिली जाते, आणि तिच्या बदल्यात मिळणारी खोली कारकुनाची नसून मालकाची असते. मराठीने या छटा शब्दांतच वेगळ्या केल्या आहेत. फारसीतून आलेले ‘बक्षीस’ खुशीने दिलेले असते. दिवाळीत पोस्टमन, गुरखा, झाडूवाले यांच्या हातावर ठेवली जाते ती ‘पोस्त’. ती वर्षभराच्या कामाची असते, ठरल्या वेळी दिली जाते आणि घेणारा ती हक्काने मागतो. काम लवकर पुढे सरकावे म्हणून दिलेली किरकोळ रक्कम म्हणजे ‘चिरीमिरी’, आणि तिच्या पलीकडे ‘लाच’. वीस डॉलरची नोट चिरीमिरीच्या सर्वांत जवळची आहे, तरी तिच्यात तंतोतंत बसत नाही. इथे पाहुण्याचे काम अडलेले नसते. ज्या खोलीचे पैसे भरले ती त्याला मिळणारच असते. नोट मागते ती त्याहून जास्तीचे काही. हे जास्तीचे हॉटेलात कुठून आले आणि ते वाटण्याचा अधिकार कारकुनाच्या हाती कसा गेला, हे समजायला हॉटेलांच्या आणि टिपच्या अशा दोन्ही इतिहासांकडे पाहावे लागते.

टिपची पाळेमुळे हॉटेलात नाहीत, ती श्रीमंतांच्या घरांत आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये बड्या घरी पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाला निघताना नोकरांना पैसे द्यावे लागत; या पैशांना ‘व्हेल्स’ म्हणत. निरोपाच्या वेळी दिवाणखान्यापासून दारापर्यंत नोकरांची रांगच उभी असे. टोपी देणारा, घोडा आणणारा, जेवण वाढणारा असा प्रत्येकजण आपला वाटा घेई. जेवायला बोलावणाऱ्या घरी जाणे परवडत नाही, अशी तक्रार बेताच्या मिळकतीचे पाहुणे करत. जोनास हॅनवे या समाजसुधारकाने १७६० च्या सुमारास या प्रथेविरुद्ध पत्रांच्या रूपाने पुस्तिका लिहिली. स्कॉटलंडमधल्या जमीनदारांनी व्हेल्स बंद करण्याचे ठराव केले. लंडनमध्ये तसाच प्रयत्न झाला, तेव्हा १७६४ मध्ये रॅनेला उद्यानात नोकरांनी दंगल केली. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण कित्येक घरांत मालक पगार देतानाच व्हेल्सची कमाई हिशेबात धरत. पाहुण्याची रक्कम नोकराच्या पगाराचा भाग होऊन बसली होती. त्याशिवाय व्हेल्स निघताना दिले जात असले तरी त्यांचा रोख पुढच्या भेटीकडे असे. हात आखडणाऱ्या पाहुण्याची दुसऱ्या खेपेला नोकर कशी आबाळ करतात, याच्या कहाण्या त्या काळच्या लेखनात भरपूर आहेत.

‘टिप’ हा शब्दही त्याच सुमाराचा. लंडनच्या कॉफीगृहांत तत्पर सेवेसाठी पैसे टाकण्याची पेटी असे आणि तिच्यावरच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘टिप’ बनला, अशी एक कथा आजही सांगितली जाते. ती खरी नाही. आद्याक्षरे जुळवून शब्द घडवण्याची पद्धत इंग्रजीत विसाव्या शतकाआधी जवळजवळ नव्हतीच; हा शब्द सतराव्या शतकातल्या चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत ‘देणे, हातात सरकवणे’ या अर्थाने आढळतो. फ्रेंच आणि जर्मन भाषांत टिपसाठी असलेल्या शब्दांचा अर्थ ‘पिण्यासाठी पैसे’ असा होतो, म्हणजे आपल्याकडचे ‘चहापाणी’च.

काउंटरवरच्या कारकुनाचा अधिकार मात्र अमेरिकेत जन्मला. बॉस्टनमध्ये १८२९ साली उघडलेले ट्रीमाँट हाउस हे पहिले आधुनिक हॉटेल मानले जाते. आयझाया रॉजर्स या वास्तुशिल्पीने ते बांधले. त्यात १७० खोल्या होत्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप होते, आणि आल्या पाहुण्याचे स्वागत दारूच्या गुत्त्यात न होता खास त्यासाठी केलेल्या दालनात, एका कचेरीपुढे होई. त्याआधीच्या खानावळवजा सरायांत पाहुणा थेट मालकाशीच बोले. मालक जागा दाखवे, आणि गर्दी असली तर अनोळखी माणसांना एका बिछान्यावर झोपवे. ट्रीमाँटमध्ये मालक आणि पाहुणा यांच्यामध्ये कारकून उभा राहिला.

ट्रीमाँटचा दर दिवसाला दोन डॉलर होता, आणि त्यात चार वेळचे खाणे धरलेले असे. याच पद्धतीला पुढे ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणू लागले. तिचा एक परिणाम फार दूरवर गेला. दर एक, पण खोल्या सारख्या नाहीत. एक खोली रस्त्याच्या बाजूची, हवेशीर आणि पहिल्या मजल्यावरची. दुसरी चार जिने चढून, छपराखाली, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी. दोघांचे पैसे तेच. मग कोणाला कुठली द्यायची हे कोण ठरवणार? पाहुणा जाडजूड नोंदवहीत सही करी आणि कारकून त्याच्या नावापुढे खोलीचा आकडा लिही. आकडा लिहिण्याआधी तो पाहुण्याचे बूट, सामान आणि बोलण्याचा ढंग डोळ्यांनी तोलून घेई. छातीवर हिऱ्याची पिन मिरवणारा, पाहुण्यावर मेहेरबानी करत असल्यासारखा वागणारा हॉटेल-कारकून हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी विनोदी लेखनातला हमखास नमुना होता. त्या विनोदामागची वस्तुस्थिती साधी होती : दोन खोल्यांमधला फरक किमतीत उतरलेला नव्हता, आणि जे किमतीत उतरत नाही ते वाटणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

चांगली खोली म्हणजे कोणती, याची कल्पना १८५९ नंतर उलटीपालटी झाली. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात पाहुण्यांसाठी लिफ्ट बसली. कोणत्याही हॉटेलातली ती पहिलीच. तोवर जितके जिने कमी तितकी खोली चांगली, असा हिशेब होता. लिफ्ट आल्यावर वरचा मजला आवाजापासून दूर, धुळीपासून दूर आणि उंचावरून शहर दाखवणारा ठरला. पुढे गगनचुंबी हॉटेले आली आणि जिथे पूर्वी कोणी स्वखुशीने जात नसे ते वरचे मजले सर्वांत महाग झाले. खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याला किंमत येते ती इथपासून. पुढे लास व्हेगसमध्ये घडीच्या नोटेने प्रामुख्याने हे दृश्यच मागितले जाणार होते.

खुद्द टिप अमेरिकेत पसरली ती यादवी युद्धानंतर. युरोपात फिरून आलेल्या धनिकांनी ती रीत परत आणली, आणि गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना अपुऱ्या पगारावर राबवणाऱ्या मालकांना ती सोयीची ठरली. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आपल्या शयनगाड्यांवर पोर्टर म्हणून प्रामुख्याने कृष्णवर्णीय माणसे ठेवली. त्यांचा पगार तुटपुंजा होता. पोट चाले ते प्रवाशांच्या टिपवर. या माणसांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. टिपच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे. टिप घेणाऱ्यांनीच संघटित होऊन सांगितले, की आम्हाला प्रवाशाची मेहेरबानी नको, नीट पगार हवा.

दुसरीकडे कायद्याने टिपच बंद करण्याचे प्रयत्न झाले. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिप देणे-घेणे गुन्हा ठरवले. त्यानंतर मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलायना, टेनेसी अशा राज्यांनी तसेच कायदे केले. विल्यम स्कॉट यांनी १९१६ मध्ये टिपविरोधात एक अख्खे पुस्तक लिहिले. टिप ही लोकशाहीला लागलेली सरंजामी कीड आहे, असा त्यांचा दावा होता. हे कायदे टिकले नाहीत. आयोवाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये घटनाबाह्य ठरवला, आणि १९२६ पर्यंत बाकीचेही पुसले गेले. देणारा आणि घेणारा दोघेही गप्प राहिले तर पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न कोणत्याच राज्याला सुटला नाही.

या सगळ्या धामधुमीत काउंटरवरचा कारकून टिपच्या वर्तुळाबाहेरच राहिला. सामान उचलणारे, दार उघडणारे, खोली झाडणारे हे सगळे टिपचे मानकरी. कारकून मात्र कोट-टायमधला, लेखणी चालवणारा, महिन्याच्या पगाराचा. त्याला पैसे देऊ करणे अपमानाचे वाटे. युरोपातल्या मोठ्या हॉटेलांत ही विभागणी आणखी काटेकोर होती. खोली देणारा स्वागतकक्ष वेगळा, आणि पाहुण्याची कामे करून देणारा कॉन्सिएर्ज वेगळा. नाटकाची तिकिटे, आगगाडीतली जागा, जागा मिळणे अवघड अशा उपाहारगृहातले टेबल हे कॉन्सिएर्ज मिळवून देई आणि टिप त्याला मिळे. पॅरिसमधल्या कॉन्सिएर्जांनी १९२९ मध्ये आपली संघटनाही काढली. कोटाच्या कॉलरवर परस्परांना छेदणाऱ्या दोन सोनेरी किल्ल्या ही तिची खूण. आधी पैसे देण्याची रीत जपानमधल्या पारंपरिक र्‍योकान या निवासांत दिसते. तिथे पाहुण्याची देखभाल करणाऱ्या बाईला तो खोलीत शिरल्यावरच छोट्या पाकिटात ‘कोकोरोझुके’ देई. मात्र त्या पाकिटाने खोली बदलत नसे. खोली आधीच ठरलेली असे. पाकीट केवळ आस्थेची खूण म्हणून दिले जाई. सेवाशुल्क बिलातच धरले जाऊ लागल्यापासून ही रीतही मागे पडत गेली.

अमेरिकी हॉटेलांचा प्रवाह विसाव्या शतकात खोल्यांमधला फरक मिटवण्याकडेच वाहत होता. एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये बफेलो शहरात हॉटेल उघडले. त्यातल्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर होते आणि दर दीड डॉलरपासून सुरू होई. टिप न देणाऱ्या पाहुण्यालाही तीच सेवा मिळाली पाहिजे, अशी त्यांची नोकरांना ताकीद असे. १९५२ मध्ये मेंफिसला केमन्स विल्सन यांनी पहिले हॉलिडे इन काढले आणि हा विचार टोकाला नेला. कोणत्याही गावी उतरा, खोली तीच, पलंग तोच. खोल्या एकसारख्या झाल्या की नोट सरकवून मागायला काही उरत नाही, म्हणून मोटेलच्या काउंटरवर हा रिवाज कधी रुजला नाही.

तो रुजला लास व्हेगसमध्ये, आणि त्याला तिथली जमीन कारणीभूत होती. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. पुढे ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणू लागले त्या रस्त्यावर १९४१ मध्ये एल रँचो व्हेगस, १९४६ च्या नाताळात फ्लेमिंगो, १९५० मध्ये डेझर्ट इन, १९५२ मध्ये सँड्स अशी हॉटेले उठत गेली. या हॉटेलांची खरी कमाई जुगाराच्या टेबलांवर होती. खोली, जेवण, गाण्याचे कार्यक्रम ही सगळी गिऱ्हाईक टेबलाशी आणण्याची साधने, म्हणून ती स्वस्तात किंवा फुकट दिली जात. फुकट दिलेल्या गोष्टीला तिथे ‘कॉम्प’ म्हणतात. मोठा जुगारी असेल तर खोली, खाणे, पिणे सगळेच कॉम्प. जिथे व्यवस्थापनच रोज शेकडो खोल्या मर्जीने वाटत होते, तिथे कारकुनाने एखादी खोली मर्जीने दिली तर ते कोणाला फार खटकत नसे.

याच शहरात आधी पैसे देण्याची सवय लोकांना लागली ती रंगमंचाच्या दाराशी. फ्रँक सिनात्रा सँड्समध्ये गात होते त्या काळात कार्यक्रमांना आसनक्रमांक नसत. दाराशी मुख्य वाढपी उभा असे. हस्तांदोलन करताना पाहुण्याच्या तळव्यातली नोट त्याच्या तळव्यात जाई आणि नोटेच्या आकड्यानुसार टेबल मंचाजवळ सरके. काहीच न देणारा खांबाआड बसे. जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटणाऱ्या डीलरलाही चिप्स मिळत. या चिप्सना ‘टोक’ म्हणतात. टोक ही भेट आहे की मिळकत, हा वाद न्यायालयात गेला. फासे टाकण्याच्या टेबलावर काम करणाऱ्या एका डीलरचे म्हणणे होते की ही खुशीची भेट आहे, तिच्यावर कर नको. खालच्या न्यायालयाने ते मान्य केले. पण १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि टोक ही करपात्र मिळकत ठरवली. देणाऱ्याच्या मनात काही मिळवण्याची आशा असते आणि घेणारा नियमाने ती रक्कम धरून चालतो, हे त्या निकालामागचे तत्त्व काउंटरवरच्या नोटेलाही जसेच्या तसे लागू पडते.

मर्जीने खोली देण्याच्या अधिकाराला दुसरीही बाजू होती, आणि ती विसरता येत नाही. ज्याला खोली देण्याचा अधिकार, त्यालाच नाकारण्याचाही. स्ट्रिपवरच्या मंचांवर नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलावंत टाळ्या घेत, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना शहराच्या पश्चिम भागातल्या घरगुती बिऱ्हाडांत झोपायला जावे लागे. हॉटेलात खोली रिकामी असली तरी ती त्यांच्यासाठी नव्हती. तिथे कितीही डॉलरची नोट चालली नसती. कृष्णवर्णीय नेत्यांनी मोर्चा काढण्याचा इशारा दिल्यावर मार्च १९६० मध्ये मूलां रूज या बंद पडलेल्या हॉटेलात बैठक झाली आणि स्ट्रिपची दारे उघडली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मग देशभरातल्या हॉटेलांना वर्णावरून खोली नाकारण्याची मनाई केली.

नोटेच्या रिवाजाला आजचे रूप आले ते अवाढव्य हॉटेलांमुळे. १९६९ चे इंटरनॅशनल १,५१२ खोल्यांचे होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये उघडलेले मिराज तीन हजारांवर गेले. १९९३ चे एमजीएम ग्रँड ५,००५ खोल्यांचे. ऑक्टोबर १९९८ मध्ये बेलाजिओ उघडले तेव्हा त्याच्या पुढ्यातल्या तळ्यात संगीतावर नाचणारी कारंजी होती, आणि त्याबरोबर हॉटेलच्या खोल्यांची दोन भागांत वाटणी झाली. एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांआड, मापाने आणि सामानाने सारख्याच दोन खोल्या. एकीच्या खिडकीतून रात्री पाण्याचे उंच फवारे उसळताना दिसत, तर दुसरीतून मागच्या बाजूचा रस्ता आणि वाळवंट. आरक्षण करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पलंगाचा प्रकार तेवढा निवडलेला असे. खोलीचा नंबर पाहुणा काउंटरशी आल्यावर पडे. ट्रीमाँटच्या कारकुनाजवळ होता तोच अधिकार सुमारे एकशे सत्तर वर्षांनी पुन्हा कारकुनाच्या बोटांत आला होता, फक्त जाड नोंदवहीच्या जागी पडदा होता.

त्या पडद्यावर कारकुनाला काय दिसे, हे समजले की नोट कधी चाले आणि कधी नाही हे उलगडते. सकाळी अकराच्या सुमारास जुने पाहुणे खोल्या सोडतात, दुपारी तीनपासून नवे येऊ लागतात. मधल्या चार तासांत सफाई कर्मचारी हजारो खोल्या आवरतात. खोली आवरून तपासली गेली की संगणकात तिची खूण बदलते आणि ती देण्याजोगी होते. दुपारी दोनला आलेल्या पाहुण्यापुढे अशा खोल्या थोड्याच असत. संध्याकाळी उशिरा चित्र पालटे. न आलेल्या जुगाऱ्यांसाठी राखलेल्या खोल्या मोकळ्या सोडल्या जात, आणि आज रात्री रिकाम्या राहणार अशा महाग खोल्या कारकुनाला स्पष्ट दिसत. रिकामी राहिलेली खोली नासलेल्या भाजीसारखी असते. आजची रात्र उद्या विकता येत नाही. अशा वेळी एक-दोन पायऱ्या वरची खोली देऊन टाकण्यात हॉटेलचे वरवर तरी नुकसान नसे. सर्वांत मोठे स्वीट मात्र त्याच्या हातात नसत. ते बड्या जुगाऱ्यांची सोय पाहणाऱ्या कसिनोच्या यजमानांकडे राखीव असत. रविवार ते गुरुवार नोट लागू पडण्याची शक्यता अधिक, शनिवारी कमी, आणि जानेवारीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सीईएस प्रदर्शन भरते त्या आठवड्यात जवळजवळ शून्य. रक्कम वीसच का, याचे कारणही साधे असावे. अमेरिकेतल्या एटीएममधून सर्रास वीसच्याच नोटा निघतात, आणि परगावच्या जुगाऱ्याच्या खिशात त्याच असतात.

कारकुनाला या नोटेची गरज पगार बुडू नये म्हणून नव्हती, हे इथे नोंदवायला हवे. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत टिप मिळवणाऱ्या नोकराला किमान वेतनाहून कमी पगार देण्याची मालकाला मुभा आहे. केंद्रीय कायद्याने ठरवलेला हा दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबलेला आहे. नेवाडात ती मुभा नाही. तिथे टिप मिळो न मिळो, पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. म्हणून काउंटरवरची नोट वेटरच्या टिपसारखी पगाराची भरपाई नव्हती. ती मालकाच्या मालातला फरक मालकाला न विचारता विकल्याची किंमत होती, आणि याच मुद्द्यावर तिच्यावरचा आक्षेप टिकून राहतो. बचाव करणारे म्हणत, की खोली वाया गेली असती, पाहुणा खूश झाला, कोणाचे काय गेले? गेले ते रांगेत त्याच्या मागे उभे असलेल्याचे. कारंजे बघायची हौस त्यालाही होती. नोट पुढे करायची असते, हे त्याला ठाऊक नव्हते, इतकेच.

रिवाजाला ओहोटी लागली ती आक्षेपांमुळे नव्हे, हिशेबामुळे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरच्या कसिनो-हॉटेलांची निम्म्याच्या आसपास मिळकत जुगाराबाहेरून, म्हणजे खोल्या, खाणावळी आणि करमणूक यांतून येऊ लागली. खोली गिऱ्हाईक ओढण्याचे साधन होती तोवर दृश्याचा फरक फुकट सोडता येत होता. खोली हाच माल झाल्यावर तो फरक फुकट जाणे हे नुकसान ठरले. रंगमंचावर हा बदल आधीच झाला होता. १९९३ मध्ये ट्रेझर आयलंड हॉटेलात सर्क द सोले या सर्कस-मंडळीचा ‘मिस्तेर’ हा खेळ सुरू झाला. अशा कायमच्या कार्यक्रमांना आसनक्रमांकाची तिकिटे आली आणि दाराशी तळव्यातून नोट घेणारा मुख्य वाढपी नाहीसा झाला. मग खोल्यांची पाळी आली. कारंज्याच्या बाजूची खोली वेगळा प्रकार म्हणून, वेगळ्या दराने विकली जाऊ लागली. विमान कंपन्यांनी बसवलेले मागणीनुसार दर बदलण्याचे तंत्र मॅरियटने १९८० च्या दशकाच्या शेवटाकडे हॉटेलांत आणले होते. ते सगळीकडे पसरले. २०१६ मध्ये तर स्ट्रिपवर पिढ्यान्‌पिढ्या फुकट असलेल्या गाडीतळांनाही एमजीएम कंपनीने दर लावला.

कारकुनाच्या मर्जीचा दुसरा वाटा नियमित पाहुण्यांच्या योजनांनी घेतला. हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी अशा योजना १९८३ मध्ये काढल्या, हिल्टनने १९८७ मध्ये. वर्षभरात अमुक रात्री राहिलेल्याला खोली रिकामी असेल तर वरचा दर्जा मिळणार, हे आता लेखी झाले. पूर्वी उरलेली चांगली खोली काउंटरशी हसून बोलणाऱ्याला मिळे. आता ती यादीत वर असलेल्याला मिळते. उरलेल्या खोल्याही विकण्याची सोय झाली. पाहुणा काउंटरशी आला की कारकूनच उघडपणे विचारतो, आणखी इतके डॉलर भरलेत तर कारंज्याची बाजू देतो. या विक्रीवर त्याला हॉटेलकडून मोबदला मिळतो, म्हणून नोटेचे काम आता बिलात होऊ लागले. न विकलेल्या वरच्या खोल्या आगाऊ देऊ करणारी संगणकप्रणाली बनवणारी नॉरवन ही कंपनी २०२० मध्ये ओरॅकलने विकत घेतली, यावरून या व्यवसायाचे वजन कळते.

शेवटी काउंटरच टाळता येऊ लागला. हिल्टनने २०१४ मध्ये सभासदांना फोनवर मजल्याचा नकाशा पाहून खोली निवडण्याची सोय जाहीर केली. स्ट्रिपवरच्या हॉटेलांच्या दालनांत यंत्रे उभी राहिली. पाहुणा ओळखपत्र दाखवतो आणि यंत्रातून किल्लीचे कार्ड बाहेर पडते. महासाथीत नेवाडाचे कसिनो मार्च २०२० पासून ४ जून २०२० पर्यंत बंद राहिले, आणि उघडल्यानंतर माणसाशी संपर्क न येता खोली घेण्याची सवय पक्की झाली. यंत्राला नोट देता येत नाही. ज्यांना अजून नोटेचा मार्ग धरायचा असतो ते यंत्र सोडून मुद्दाम रांगेत उभे राहतात.

हा रिवाज असा आटत असतानाच त्याला सरकारी कागदावर जागा मिळाली. टिपवरचा कर माफ करण्याचे आश्वासन डोनाल्ड ट्रम्प यांनी जून २०२४ मध्ये लास व्हेगसच्याच सभेत दिले; दोन महिन्यांनी कमला हॅरिस यांनीही त्याच शहरात तसेच आश्वासन दिले. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी, टिपच्या मिळकतीतून वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची वजावट दिली. ही सवलत ज्या कामांत टिप घेण्याची रीत पूर्वापार आहे त्यांनाच लागू असल्याने अर्थखात्याला अशा व्यवसायांची यादी करावी लागली. सप्टेंबर २०२५ च्या प्रस्तावित यादीत बेलबॉय, कॉन्सिएर्ज आणि खोल्या साफ करणारे यांच्या पंक्तीत हॉटेल, मोटेल आणि रिसॉर्टच्या काउंटरवरचे कारकूनही होते. शंभर वर्षांपूर्वी ज्याला टिप देऊ करणे अपमानाचे मानले जाई, तो टिप घेणारा म्हणून सरकारी यादीत ओळखला गेला. वजावटीला मात्र अटी आहेत. टिप देणाऱ्याने ती स्वखुशीने दिलेली असावी, रक्कम त्यानेच ठरवलेली असावी, न दिल्यास त्याला काही सोसावे लागता कामा नये, आणि तिच्याबद्दल कोणतीही घासाघीस झालेली नसावी.